गावाकडच्या संगणकाला स्वस्तातली एसएसडी पाठवणाऱ्यांनो...

मंडळी, या वीकांताला जरा भांडायचं ठरवलंय. आणि भांडण तुमच्याशीच आहे. म्हणजे पुणे, हैदराबाद, बंगळूरला आयटीत बसून दर दिवाळीच्या सेलमध्ये गावाकडच्या घरासाठी काहीतरी 'अपग्रेड' ऑर्डर करणाऱ्या माझ्या तमाम बंधुभगिनींशी.

तुमचा क्रम ठरलेला असतो. बाबांचा किंवा काकांचा डेस्कटॉप दहा वर्षं जुना. सुरू होईपर्यंत चहा उकळून, गाळून, पिऊनही होतो. मग तुम्ही फोनवर सांगता, "एसएसडी टाका, नवा होईल." इथपर्यंत शंभर टक्के बरोबर. जुन्या संगणकात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू नाही. पण पुढे काय करता? खरेदीच्या संकेतस्थळावर जाऊन किंमत चढत्या क्रमाने लावता आणि पहिल्या चारांतली एक उचलता. कंपनीचं नाव आधी कधी ऐकलेलं नसतं, पुढेही ऐकू येणार नसतं. स्वतःच्या लॅपटॉपसाठी मात्र तीन-तीन रात्री रिव्ह्यू वाचत बसता!

वर युक्तिवाद तयार असतो. गावातला दुकानदारही तोच करतो: "सर, ह्याच्यात फिरणारं काहीच नाही, बिघडंल काय?"

फिरणारं काही नाही हे खरं, पण आत सॉफ्टवेअर आहे. आणि सॉफ्टवेअर बिघडत नाही असं निदान आपण तरी म्हणू नये, आपलं पोट त्याच्या बिघडण्यावर चालतं. २०१२ साली क्रुशलच्या एम४ या ड्राइव्हमध्ये असा बग निघाला की एकूण ५,१८४ तास वापर झाला की ड्राइव्ह दर तासाला दगा द्यायची. २०१९ मध्ये एचपीई या बड्या सर्व्हर कंपनीला जाहीर करावं लागलं की त्यांच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तासांनी कायमच्या मरतील. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे हे वेगळं सांगायला नको, कॉलेजात सगळ्यांनी मोजलाय. या दोन्ही वेळा कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलं. तुमच्या बिननावाच्या कंपनीचं फर्मवेअर कुठे मिळतं? सांगा ना.

दुसरी फसवणूक वेगाची. खोक्यावर ७,००० एमबी प्रति सेकंद वगैरे छापलेलं असतं. काकांच्या मदरबोर्डवर साटा पोर्ट आहे, त्यातून साडेपाचशेच्या वर काही जात नाही. आणि ते साडेपाचशेही काकांना कळत नाहीत. त्यांना जाणवतो तो बारीकसारीक हजार फायली चटकन सापडण्याचा फरक, आणि तो कुठल्याही बऱ्या एसएसडीत मिळतो. म्हणजे वेगासाठी पैसे मोजायचेच नाहीत. मोजायचे ते टिकण्यासाठी.

"पण एसएसडी लिहून लिहून झिजते म्हणतात..." हो, झिजते. आकडेमोड करा. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या ५०० जीबी ड्राइव्हला कंपनीने हमी दिली ३०० टेराबाइट लिहिण्याची. रोज २० जीबी लिहिलं (घरी कोण लिहितं?) तरी ४१ वर्षं. 'टेक रिपोर्ट'ने २०१३ ते २०१५ मुद्दाम सहा ड्राइव्ह मरेपर्यंत लिहून पाहिल्या, त्यांतल्या काहींनी दोन हजार टेराबाइटचा टप्पा ओलांडला. थोडक्यात, घरची एसएसडी झिजून मरत नाही. ती बहुधा दुसऱ्याच कशाने तरी अचानक मरते.

आता माझ्या घरची गोष्ट. काका माहूरला असतात, निवृत्त शिक्षक. गडावर रेणुकादेवी, शिखरावर दत्त, खाली पैनगंगा, आणि पावसाळ्यात दिवसातून चारदा जाणारी लाइट. हैदराबादच्या चुलत भावाने त्यांना अशीच एक 'बेस्ट सेलर' एसएसडी पाठवली होती. चौदा महिने उत्तम चालली. मग एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली. काकांचा फोन: "काहून रे, डिस्कच दिसत नाही म्हणतंय हे?" बायोसमध्येही दिसेना. तीन वर्षांची वॉरंटी होती, पण खोक्यावरच्या ईमेलला आजतागायत उत्तर नाही. पुण्यात डेटा परत काढून देणाऱ्याकडे नेली, त्याने उघडून पाहिली आणि हात वर केले.

तिच्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. काकांनी जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड करून संगणकावर उतरवल्या होत्या, मग मोबाइल बदलला. आजी आता नाही. कोणी बॅकअपवर व्याख्यान द्यायच्या आधी सांगतो, सत्तरीच्या माणसाला एसएसडी पाठवताना बॅकअपची गोष्ट ज्याने सांगायची, त्याने सांगितली नव्हती.

लाइट गेल्याने एसएसडी मरते कशी? एसएसडी तुमचा डेटा एका जागी ठेवत नाही. आतल्या आत सतत हलवत असते, आणि काय कुठे आहे याची एक नोंदवही ठेवते. तलाठ्याचं दप्तर समजा. जमीन जागच्या जागी असते, पण दप्तर जळालं तर कुठला गट कोणाचा हे सांगणारा कोणी उरत नाही. वही लिहिताना मध्येच वीज गेली की हेच होऊ शकतं. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडींवर मुद्दाम वीज तोडून पाहिली. १३ ड्राइव्हमध्ये काही ना काही गडबड निघाली, एक तर परत उठलीच नाही. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये यावर इलाज म्हणून कपॅसिटर असतात, लाइट गेल्यावर चालू काम संपवण्यापुरते. घरगुती ड्राइव्हमध्ये बहुतेक वेळा तेवढे नसतात.

म्हणून माझं म्हणणं असं की माहूरसाठी एसएसडी निवडणं आणि बाणेरसाठी निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाणेरच्या सोसायटीत जनरेटर असतो. सगळे रिव्ह्यू तिथल्यासारख्या विजेवर लिहिले जातात.

मग घ्यायची कुठली? जी कंपनी चिप स्वतः बनवते तिची: सॅमसंग, एसके हायनिक्स, किऑक्सिया (जुनी तोशिबा), सॅनडिस्क. टीएलसी प्रकारची, क्यूएलसी शक्यतो नको. पाच वर्षांची वॉरंटी आणि लिहिण्याची मर्यादा खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर स्पष्ट छापलेली असावी. मोठी नावं म्हणजे देव नव्हेत. सॅमसंगच्या ८४० इव्होत २०१४ मध्ये जुना डेटा वाचायला वेळ लागू लागला होता, ९८० प्रोचं फर्मवेअर २०२३ मध्ये गाजलं. क्रुशलने २०२१ मध्ये पी२ या मॉडेलच्या आत गुपचूप टीएलसीच्या जागी क्यूएलसी घातली, नाव तेच ठेवून. हा तर सरळ शहाजोगपणा! पण हे सगळं उघडकीला आलं, कारण त्या कंपन्यांवर लोकांचं लक्ष असतं. बिननावाच्या ड्राइव्हमध्ये दर खेपेला वेगळी चिप निघाली तरी विचारतो कोण? (क्रुशलचं म्हणाल तर मायक्रॉनने तो ग्राहकांचा धंदाच बंद करायची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली. दुकानात पडून असलेला माल घेताना वॉरंटी नीट विचारा.)

आणि एसएसडीत वाचवणार होतात ते पैसे यूपीएसला घाला. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे एक बटण असतं, यूपीएस मोड आणि इको मोड. बऱ्याच घरांत ते इकोवर असतं. मग लाइट गेली की पंखा चालू राहतो, संगणक मात्र गचका खाऊन बंद. फोनवर सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

"क्लाउड आहे की!" आहे. पण क्लाउडवर काय चढवायचं आणि पासवर्ड काय, हे सत्तरीच्या माणसाला बसून कोण शिकवणार? दिवाळीला जाता तेव्हा एक साधी फिरणारी यूएसबी हार्ड डिस्क घेऊन जा, सगळं कॉपी करा आणि ती काढून कपाटात ठेवा, संगणकाला लावून ठेवू नका. एसएसडी मात्र कपाटात टाकू नका. आई-बाबा वर्षभर तुमच्याकडे पुण्यात राहायला आले आणि घर बंद असलं, तर मे महिन्यात माहूरला पारा चाळिशीच्या वर असतो. बिनविजेच्या, तापलेल्या आणि भरपूर वापरलेल्या चिपमधला चार्ज हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकात, लिहिण्याची मर्यादा संपलेल्या घरगुती ड्राइव्हने डेटा टिकवायची अपेक्षा एक वर्षाची आहे, तीही ३० अंशांवर. नव्या ड्राइव्हला इतकं घाबरायचं कारण नाही. पण ओव्यांसाठी मी तेवढाही धोका घेणार नाही.

पुढच्या सेलला ऑर्डर करण्याआधी घरी एक फोन करा आणि इन्व्हर्टरच्या मागचं ते बटण कुठे आहे ते विचारा. काय उत्तर मिळतं ते खाली लिहा, मला उत्सुकता आहे.