ओझरला सुखोई-५७? आधी अधिकार लेखी घ्या



नाशिकजवळ ओझरला रशियाचे सुखोई-५७ बांधावे, ही आपल्या पत्रलेखकांची सूचना मला घाईची वाटते. मिगपासून सुखोई-३०पर्यंतची विमाने उभारणाऱ्या तिथल्या कामगारांच्या कसबाबद्दल वादच नाही. पण २०००च्या करारानुसार १४० सुखोई-३० देशात बांधायची ठरली, तरी मूळ आराखडा रशियाचाच राहिला. सुखोई-५७वरच आधारित पाचव्या पिढीच्या विमानासाठी तर आपण २०१०मध्ये रशियाशी प्राथमिक आराखड्याचा सुमारे २९.५ कोटी डॉलरचा करार केला आणि इंजिन, रडारपासून लपण्याची क्षमता, तंत्रज्ञानातील वाटा यांबाबत समाधान न झाल्याने २०१८मध्ये बाहेर पडलो. या शंका मिटल्या का, हे पत्रात कुठेच नाही.

मिग-२१ निवृत्त झाल्यावर हवाई दलाच्या स्क्वाड्रन मंजूर ४२ऐवजी तिशीच्या आत आल्या, हा आक्षेप रास्त आहे आणि चिंतेचाही. मात्र जानेवारी २०१०मध्ये प्रथम उडालेले सुखोई-५७ कारखान्यातून नियमितपणे रशियन हवाई दलाकडे जायला २०२० उजाडले. आता तर रशियाची स्वतःची युद्धगरज आधी भागणार. मग आपली तूट लवकर कशी भरेल? संगणकप्रणालीत बदल करण्याचा आणि इंजिन देशात बनवण्याचा हक्क लेखी मिळेपर्यंत सरकारने सही करू नये, आणि ‘आमका’ या स्वदेशी पाचव्या पिढीच्या लढाऊ विमानाचा पैसा तर मुळीच इकडे वळवू नये.

— एक वाचक, मुधोळ (तेलंगणा)