शब्दांचे गणगोत : पेटी

तुमसरच्या बाजारात आमच्या आजोबांचे धान्याचे दुकान होते. तेथे दोन पेट्या असत. गादीजवळची गल्ल्याची, कुलूपबंद; माळ्यावरची जुन्या चादरीत गुंडाळलेली, ती सुरांची. आजोबा "पेटी आणा" म्हणाले की मुनीमजी विचारीत, "कोणती, शेठजी?" आंबागडच्या पायथ्याकडून धान घेऊन आलेली मंडळी रात्री मुक्कामाला राहिली, की बहुधा दुसरीच खाली येई. आमचा मुलूख झाडीपट्टीचा. नाट्यपदे येथे शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला सारखीच पाठ.

हे वाद्य मूळचे आपले नव्हे. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४२ मध्ये 'हार्मोनियम' या नावाने त्याचे पेटंट घेतले. तो बाजा पायाने भाता हलवीत, खुर्चीवर बसून वाजवण्याचा. भारतीय बैठकीला सोयीचे, एका हाताने भाता मारण्याचे रूप त्याला पुढे कोलकात्यात आले. त्याचे श्रेय द्वारकानाथ घोष यांना देतात. मराठी माणसाने आकार पाहिला आणि नाव ठेवले : पेटी. गुजराती बांधव 'वाजापेटी' म्हणतात. तमिळमध्ये आधारस्वराच्या खोक्याला 'श्रुतिपेट्टी' म्हणतात.

याच कुळातल्या ॲकॉर्डियनला नॉर्वेजियन भाषेत 'ट्रेकस्पिल' आणि स्वीडिश भाषेत 'द्रागस्पेल' म्हणतात. दोन्हींचा अर्थ एकच, ओढून वाजवण्याचे वाद्य. त्यांनी हाताची क्रिया पाहिली, आपण लाकडी खोके पाहिले. व्यापारी डोळ्याला आधी खोकेच दिसणार, असे मी थट्टेने म्हणतो. पण आपल्या परंपरेने द्वादशांगालाही 'गणिपिटक' म्हणजे आचार्यांची पेटीच म्हटले आहे, हे विसरून चालणार नाही.

गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी या पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. तरीही मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप राहिला. १९४० पासून सुमारे तीस वर्षे आकाशवाणीने तिला दूर ठेवले. आक्षेप खोटा नव्हता. पण ज्याच्या घरी गवई येत नाही, त्याला सूर कोणी द्यायचा?

आमच्या पेटीचा भाता यंदा फाटला. भात्याच्या सांध्यांना पातळ चामडे लावण्याची रीत आहे. आजोबांनी ते काढून कापड लावून घेतले होते, आणि कापड लवकर विरते. कारागीर म्हणाला, "चामडे लावतो, दहा वर्षे बघायला नको." चिरंजीवांचे मत, भंगारात द्यावी, कीबोर्डला भाताच लागत नाही. त्याचे म्हणणे हिशेबाने बरोबर आहे. तेवढ्यात नातीने काळी दोनची पट्टी दाबून भाता ओढला. सूर फुटला, पण वाऱ्याबरोबर अर्धा बाहेर गेला. तिने फटीवर तळहात ठेवला आणि पुन्हा ओढला.

कापडच लावा, असे कारागिराला सांगितले आहे. दिवाळीपूर्वी देतो म्हणतो.