क्रूरसिंगाचं यक्कू आणि तेजसिंगाचा बटवा

1994 साली दूरदर्शनवर ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली, तेव्हा मी पहिलीत होते. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंग पाहून आम्ही काजळाने जाडजूड भुवया रंगवायचो, ‘यक्कू!’ म्हणून ओरडायचो आणि आईची बोलणी खायचो.

पुढे डी.एड.ला असताना देवकीनंदन खत्रींची मूळ हिंदी कादंबरी हाती आली. चक्क 1888 सालची! वाचली आणि मी मालिकेवर रुसलेच. पडद्यावरची कितीतरी जादू पुस्तकात नव्हतीच. तिथल्या ऐयारांच्या, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांच्या, बटव्यात काय असतं? सोंगाचं सामान, बेशुद्ध करायची पूड आणि शुद्धीवर आणायला हुंगवायचा लखलखा. तेजसिंग जिंकतो तो मंत्राने नाही, डोक्याने! एवढी छान गंमत मालिकेने जादूखाली का बरं झाकली?

पण खरं सांगू? मालिका पाहिली नसती, तर ते पुस्तक मी उघडलंच नसतं. म्हणून माझी तिच्याशी अर्धी कट्टी, अर्धी बट्टी!

तुमची आवडती मालिका एखाद्या पुस्तकावरून आलीय का? आईबाबांच्या मदतीने शोधा, वाचा. मग ठरवा, कट्टी की बट्टी?