वासोण्याच्या घरात इंटरनेट कोणाचे?

सिल्वासाहून खानवेलच्या रस्त्याने निघाले की वाटेत वासोणा लागते. बाहेरच्या माणसाला हे गाव सिंहांच्या उद्यानामुळे ठाऊक असते. मात्र शहर आणि गाव यांतले आजचे अंतर मोजायचे असेल, तर ते उद्यानात नव्हे, घराच्या ओसरीपर्यंत पोचणाऱ्या किंवा न पोचणाऱ्या एका बारीक काचतंतूत मोजावे लागते. घरी ब्रॉडबँड घ्यायचे तर कोणाचे, हा प्रश्न मुंबई-सुरतेच्या रहिवाशासाठी दरपत्रकाचा आहे. चार कंपन्यांच्या योजना शेजारी शेजारी मांडायच्या आणि स्वस्त ती उचलायची. वासोण्यासारख्या गावात हे उत्तर दरपत्रकातून निघत नाही. तार तुटली तर कोण येणार आणि किती दिवसांनी येणार, यावर तेथे सारे ठरते.

फसगतीची सुरुवात बहुधा पिनकोडपासून होते. कंपनीच्या संकेतस्थळावर ३९६२३० हा आकडा टाकला की सेवा उपलब्ध असल्याचा निर्वाळा मिळू शकतो. परंतु सिल्वासाचा हा पिनकोड आसपासच्या कितीतरी गावांचाही आहे. शहरातल्या सदनिकेला आणि सागवनाच्या कडेच्या पाड्याला टपालखात्याने एकच क्रमांक दिला, तो पत्रे वाटण्याच्या सोयीसाठी. तारांचे जाळे त्या सोयीने पसरत नाही. शिवाय दादरा आणि नगर हवेलीतले गाव म्हणजे घरांचा एक पुंजका नव्हे. ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असते आणि रस्त्यालगतच्या घराला सहज मिळणारी जोडणी ओढ्यापलीकडच्या घरापर्यंत पोचेलच असे नाही. म्हणून नोंदणीची रक्कम भरण्याआधी कंपनीच्या माणसाने प्रत्यक्ष येऊन जवळची जोडपेटी कोठे आहे आणि तेथून घरापर्यंत तार कशावरून येणार, हे दाखवले पाहिजे. जो एवढ्यासाठी येत नाही, तो बिघाडानंतर धावत येईल ही आशा व्यर्थ आहे.

ग्राहकाला तुलनेसाठी अधिकृत आकडे हवे असतील तर? येथे या प्रदेशाची एक जुनी अडचण आडवी येते. दूरसंचाराच्या नकाशावर दादरा आणि नगर हवेली स्वतंत्र नाही. परवान्यांच्या दृष्टीने हा प्रदेश गुजरात सर्कलचा भाग आहे, आणि ट्रायचे ग्राहकसंख्येचे व सेवेच्या दर्जाचे अहवाल सर्कलनिहाय निघतात. २०११ च्या जनगणनेत या प्रदेशाची लोकसंख्या ३ लाख ४३ हजार होती आणि गुजरातची ६ कोटींहून अधिक. म्हणजे गुजरातच्या हजार माणसांमागे येथली जेमतेम सहा. खानवेलपासून दुधनीपर्यंतच्या सगळ्या तारा आठवडाभर बंद पडल्या, तरी अहमदाबाद, सुरत आणि वडोदऱ्याच्या बेरजेत ती गोष्ट दिसणारही नाही. गोव्याची गत फारशी निराळी नाही. स्वतंत्र राज्य असूनही दूरसंचारात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये मोडतो. १९५४ साली स्वतंत्र झालेला, १९६१ मध्ये भारतात रीतसर विलीन झालेला आणि २०२० पासून दमण-दीवशी एकत्र केलेला हा प्रदेश प्रशासनाच्या कागदांवर अनेकदा फिरला, पण दूरसंचाराच्या अहवालांत त्याला स्वतःचा रकाना अद्याप मिळालेला नाही. सरासरीत हरवलेल्या ग्राहकाने कोणाची सेवा चांगली हे ठरवायचे कसे?

उरतात जाहिराती, आणि जाहिरातीत असतो तो फक्त वेग. कायद्याने ब्रॉडबँड कशाला म्हणावे याची मर्यादा २००४ मध्ये सेकंदाला २५६ किलोबिट होती, २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिटवर आली. जाहिरातीतले ३० किंवा १०० मेगाबिट त्यापुढे डोळे दिपवणारे वाटतात. पण एका काचतंतूवर दुभाजक लावून ३२ किंवा ६४ घरांना जोडण्या देण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि संध्याकाळी सारी घरे एकाच वेळी जागी असतात. मुलाचा ऑनलाइन तास, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्डाची ई-केवायसी, पंचायतीचा दाखला, यांपैकी एकाही कामाला १०० मेगाबिट लागत नाहीत. ज्या दिवशी अर्जाची मुदत संपते त्या दिवशी जोडणी चालू असावी, एवढेच लागते. वर्षभर अखंड चालणारे २० मेगाबिट हे पावसाळ्यात आठ दिवस मुके राहणाऱ्या १०० मेगाबिटांपेक्षा केव्हाही सरस.

सेवा देणारे तीन प्रकारचे असतात: देशभर परवाना असलेल्या मोठ्या खासगी कंपन्या, सरकारी बीएसएनएल आणि गावोगावचे केबलवाले. केबलवाल्याला कमी लेखण्याची शहरी सवय येथे उपयोगाची नाही. इंटरनेट सेवेचे परवाने तीन वर्गांचे असतात आणि सर्वांत लहान वर्गाचा परवाना जिल्ह्याएवढ्या क्षेत्रापुरताही मिळतो. बीएसएनएलची घरगुती फायबर सेवाही कित्येक ठिकाणी स्थानिक भागीदारच चालवतो आणि उत्पन्नात त्याचा वाटा असतो. म्हणजे पाटी कोणाचीही असो, शिडी घेऊन येणारा माणूस जवळच्याच गावचा असण्याची शक्यता मोठी. त्याच्याकडे तार जोडण्याचे यंत्र स्वतःचे आहे की प्रत्येक वेळी वापीहून मागवावे लागते, ही चौकशी योजनेच्या किमतीहून महत्त्वाची ठरते.

दुसरी चौकशी त्याहून अवघड आहे. लहान पुरवठादार आपली बँडविड्थ मोठ्या कंपनीकडून घाऊक विकत घेतो. त्यामुळे गावात दोन नावांच्या सेवा असल्या तरी दोन्ही पुढे जाऊन एकाच तारेला मिळत असू शकतात. ज्याचे पोट इंटरनेटवर आहे, मग तो घरून काम करणारा कारकून असो वा पर्यटकांची खोली भाड्याने देणारा, तो धास्तीने दोन जोडण्या घेतो. रस्तारुंदीकरणाच्या यंत्राने ती एक तार तोडली की दोन्ही एकदम बंद! तुमची सेवा पुढे कोणाच्या तारेवर जाते, हे विचारायला संकोच करू नये. दुसरी जोडणी घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या मार्गाची असावी.

आणि ही तार असते कोठे? बहुतांशी विजेच्या खांबांवर. खांब एकाचा, तार दुसऱ्याची, परवानगी तिसऱ्याची अशी ही व्यवस्था आहे. या प्रदेशात १ एप्रिल २०२२ पासून वीजवितरण टोरेंटच्या बहुसंख्य भागीदारीतील कंपनीकडे गेले आहे. खांब हलला, बदलला किंवा त्यावरच्या परक्या तारा काढण्याचे ठरले, तर ग्राहकाचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नसतो, पण अंधार त्याच्या घरी होतो. गोव्यात वीजखात्याच्या खांबांवरून टांगलेल्या इंटरनेटच्या तारांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो या अधांतरी व्यवस्थेमुळेच. खरे तर विजेचा संबंध आणखीही आहे. घरातली फायबरची पेटी विजेवर चालते. भारनियमनाच्या किंवा वादळाच्या दिवशी काचतंतू शाबूत असूनही इंटरनेट बंद पडते. राउटरसाठी मिळणारा छोटा बॅटरी-संच घेतला तर ही उणीव बरीच भरून निघते.

सरकारी योजनेचे काय, असे कोणी विचारील. ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याचा निर्णय केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये घेतला. त्याचेच नाव पुढे भारतनेट झाले. पण तार पंचायत कार्यालयापर्यंत आली म्हणजे पाड्यापर्यंत आली असे होत नाही. सुरुवातीच्या रचनेत कित्येक ठिकाणी एकच सरळ रेघ होती, ती मध्ये तुटली की पुढची सारी गावे गप्प. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात ही रेघ वर्तुळाकार करण्याची, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहण्याची तरतूद आहे आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचे लक्ष्य आहे. आपल्या पंचायतीचे वर्तुळ पूर्ण झाले का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगा आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर वासोण्याच्या घरासाठी सरकारी जोडणीचे पारडे बरेच जड होते.

तार येतच नसेल तर हवेतून येणारी सेवा आहे. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये आणि जिओने त्याच वर्षी गणेशचतुर्थीला एअरफायबर आणले. छतावर किंवा भिंतीवर पेटी लावायची, ती मनोऱ्यावरून ५-जी संदेश घेते. खांबांची कटकट संपते खरी, पण मनोरा आणि पेटी यांच्यामध्ये काय आहे ते पाहावे लागते. या प्रदेशाचा सुमारे चाळीस टक्के भाग वनाखाली आहे आणि सागाचे झाड उन्हाळ्यात निष्पर्ण असते. एप्रिल-मे महिन्यात तंत्रज्ञाने घेतलेली चाचणी उत्तम निघते. जूननंतर त्याच झाडांना ताटाएवढी पाने फुटतात आणि ओल्या पानांतून संदेश क्षीण होतो. म्हणून उन्हाळ्यातल्या चाचणीवर वर्षभराचे पैसे भरू नयेत. या सेवेच्या योजनांत महिन्याला सुमारे १००० जीबीची मर्यादा दिसते, तर तारेवरच्या तशाच योजनांत ३३०० जीबीची. साध्या घराला दोन्ही पुरतात, पण 'अमर्याद' या शब्दामागे हा आकडा लपलेला असतो, एवढे ध्यानात असावे.

पैशांचा हिशेब थोडक्यात आटोपतो. ३९९ रुपयांच्या योजनेवर १८ टक्के जीएसटी चढला की ती ४७१ रुपयांच्या घरात जाते. बारा महिन्यांची रक्कम एकदम भरली तर एखाद-दुसरा महिना फुकट किंवा बसवण्याचा खर्च माफ, असे आमिष असते. नव्या पुरवठादाराला ही रक्कम एकगठ्ठा देणे म्हणजे त्याच्यावरचा आपला एकमेव लगाम सोडून देणे होय. पहिला पावसाळा संपेपर्यंत महिन्याच्या महिन्याला भरावे, चार पैसे अधिक गेले तरी चालतील.

लगाम कायद्यानेही दिला आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार तारेवरची जोडणी पैसे भरल्यापासून साधारणपणे सात दिवसांत चालू करावी लागते, आणि बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. त्यासाठी तक्रारीचा नोंद-क्रमांक हवा. ओळखीच्या लाइनमनला केलेला फोन कोठेही नोंदला जात नाही. क्रमांक असेल तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. मात्र ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. टेलिग्राफ कायद्यामुळे ते बंद होते हा कंपनीचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळला.

तरीही एकेकट्या घराने चौकशी करत फिरावे, ही व्यवस्था प्रशासनाला शोभणारी नाही. मोबाइल कंपन्यांना आपल्या जाळ्याचा नकाशा संकेतस्थळावर ठेवण्याच्या सूचना ट्रायने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्या. घरगुती फायबरचा तसा नकाशा ग्राहकाला पाहायला मिळत नाही. तो या प्रदेशापुरता तयार करणे अवघड नाही. सिल्वासाची स्मार्ट सिटीसाठी निवड जानेवारी २०१८ मध्येच झाली आणि अवघा प्रदेश ४९१ चौरस किलोमीटरांचा आहे. रस्ता खोदायचा वा खांब वापरायचा तर परवानगी लागते, आणि तारमार्गाच्या परवानगीचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आहेत. म्हणजे कोणत्या रस्त्याने कोणाची तार गेली, याची नोंद परवानगी देणाऱ्या कार्यालयांच्या दप्तरी असायला हवी. दमणच्या सचिवालयाने आणि सिल्वासाच्या जिल्हा पंचायतीने ती गावनिहाय, जमल्यास पाडानिहाय लावून पंचायतीच्या फलकावर डकवावी. बिघाड दुरुस्तीला लागलेले दिवस कंपन्यांकडून मागवून त्याच कागदावर लिहावेत. गुजरातच्या सरासरीत जे दिसत नाही ते तेथे दिसेल.

तोवर वासोण्याच्या घराला सर्वांत विश्वासार्ह अहवाल शेजाऱ्याच्या ओसरीवरच मिळेल. वेग किती मिळतो हे त्याला विचारू नये. गेल्या श्रावणात किती दिवस बंद होते आणि दुरुस्तीला कोण आले, हे विचारावे.