नाव एकाचे, हात अनेकांचे

पॅरिसमधील दिऑर या फॅशन घराण्याच्या सर्जनाची सारी सूत्रे जून २०२५ मध्ये जोनाथन अँडरसन या उत्तर आयर्लंडच्या डिझायनरकडे आली. स्त्रियांचे, पुरुषांचे आणि मापाने बेतून हाताने शिवायचे अतिउंची कपडे हे तिन्ही विभाग संस्थापक ख्रिस्तियन दिऑर यांच्यानंतर प्रथमच एका व्यक्तीकडे सोपवले गेले. या निवडीची जगभर चर्चा झाली. त्या कपड्यांवर सुई चालवणाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

वारसबदल या घराण्याला नवा नाही. १९५७ मध्ये दिऑर अचानक गेले, तेव्हा अवघ्या २१ वर्षांच्या इव्ह सँ लोराँ यांनी धुरा उचलली. पुढे मार्क बोआँ जवळपास तीन दशके टिकले, तर राफ सिमन्स साडेतीन वर्षांत बाहेर पडले. सिमन्स गेल्यावर काही महिने प्रमुखाची खुर्ची रिकामी होती. तरीही कपडे वेळेवर रॅम्पवर आले, कारण शिवणघरातले कसबी हात जागेवर होते.

असे कित्येक हात मुंबईतही आहेत. अँडरसन यांच्या पूर्वसुरी मारिया ग्राझिया क्युरी यांनी ते जगापुढे आणले. येथील चाणक्य संस्थेत भरतकाम शिकणाऱ्या स्त्रियांनी भरलेले भव्य पडदे २०२० मध्ये पॅरिसच्या सोहळ्यात झळकले. मार्च २०२३ मध्ये तर दिऑरचा सोहळाच गेटवे ऑफ इंडियासमोर झाला. क्युरी २०२५ मध्ये पायउतार झाल्या. त्यानंतर अँडरसन यांच्या पहिल्याच सादरीकरणातील एका कोटावर लखनौचे मुकैश, म्हणजे धातूच्या तारेचे भरतकाम होते. पण त्याचे श्रेय भारताला दिले नाही, अशी टीका भारतातून झाली.

कारागिराचा मान प्रमुखाच्या मर्जीवर सोडला की असेच होते. एक डिझायनर तो देईल, दुसरा विसरेल. म्हणून श्रेय हा उपकार न राहता करारातील कलम झाले पाहिजे. काम कोणत्या गावचे आणि कोणत्या कारखान्याचे, हे कपड्यासोबत छापले जावे आणि मजुरीही त्या कौशल्याला साजेशी असावी. आपल्या निर्यातदारांनी आणि सरकारनेही हा आग्रह धरायला हवा. परक्याकडे श्रेय मागणाऱ्यांनी आपल्या कारागिराला आधी स्वतः नावाने ओळखले पाहिजे. अँडरसन यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. या घराण्याला मोठेपण देणाऱ्या हातांना त्यांच्या कारकिर्दीत हक्काचे स्थान मिळावे, ही आमची मागणी आहे.