सड्यावरचा सूर्यास्त, जीपचा हप्ता आणि गावाचा हिशोब

पाटण / मेढा : शनिवार-रविवारी दुपारचे चार वाजले की पश्चिम भागातल्या सड्यांकडं जाणाऱ्या रस्त्यांवर उघड्या जीप दिसायला लागतात. डांबरी रस्ता संपतो तिथून पुढं खडक, चर, माती आणि चढ. वर कड्यापाशी गाडी थांबते, दरीपलीकडं सूर्य बुडतो, फोटो निघतात आणि अंधार पडता पडता मंडळी खाली उतरतात. शहरातल्या जाहिरातीत याला 'सनसेट जीप सफारी' म्हणतात.

चाळकेवाडी असो, सडावाघापूर असो की तापोळ्याकडचा भाग, या सफरीची मागणी वाढतेय ही गोष्ट चांगलीच आहे. ज्या गावातली दोन पिढ्या माणसं माथाडी कामाला मुंबईला गेली, तिथल्या पोराला घरी राहून चार पैसे मिळत असतील तर कुणाला नको आहेत? पण आजच्या पद्धतीनं हा धंदा चालला तर पैसा बाहेरच्याला, हप्ता आणि केस गावच्या पोराला, आणि धूळ जनावरांच्या चाऱ्यावर, असंच वाटप होणार आहे. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आत गावानं हिशोब मांडणं गरजेचं आहे.

ही मागणी आली कुठून?

सड्यावर गाडी चढवणं या भागाला नवीन नाही. वडापच्या जीपनी घाटातली गावं वर्षानुवर्षं जोडून ठेवली. एसटी न येणाऱ्या वाडीत पेशंट आणायचा असो की लग्नाचं वऱ्हाड, जीपवालाच कामाला आला. त्यामुळं कुठला चढ कुठल्या गिअरमध्ये घ्यायचा हे इथल्या ड्रायव्हरला शिकवावं लागत नाही.

पुढं पवनचक्क्या आल्या. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर अवजड सामान न्यायला रस्ते झाले आणि जिथं फक्त गुराखी जायचे तिथं गाडी पोचली. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात आपल्या जिल्ह्यातलं कास पठार आणि कोयना अभयारण्य दोन्ही आहेत. त्यानंतर पुण्या-मुंबईच्या माणसाला हा भाग नकाशावर शोधावा लागला नाही. २०२० नंतर नव्या थारसारख्या फोर बाय फोर गाड्यांची हौस वाढली. गाडी आहे, रस्ता आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहेत, मग गर्दी होणारच.

आधी पैशाचा हिशोब

गावातली काही पोरं ही मागणी बघून कर्जावर नवी फोर बाय फोर घ्यायचा विचार करतात. त्यांनी सही करण्याआधी एक साधं गणित करून बघावं. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापल्या गावाप्रमाणं बदलून घ्यावेत.

समजा एका फेरीत सहा माणसं, माणशी ६०० रुपये. म्हणजे फेरीचे ३,६०० रुपये. डिझेलला ५०० गेले. महिन्यात गिऱ्हाईक मुख्यतः शनिवार-रविवारी, म्हणून फेऱ्या धरा दहा. पावसाचे चार महिने धुकं, निसरडं आणि चिखल, म्हणून धंदा आठ महिन्यांचा. वर्षाच्या फेऱ्या झाल्या ८०. गाडीचा हप्ता महिना १८,००० धरला तर तो मात्र बारा महिने चालतो, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार.

आता बुकिंग बाहेरच्या रिसॉर्टनं किंवा एजंटनं दिलं आणि निम्मे पैसे त्यानं ठेवले, तर ड्रायव्हरच्या हातात फेरीला १,८०० येतात. डिझेल वजा जाता १,३००. वर्षाचे १ लाख ४ हजार. हप्ता भरायला १ लाख १२ हजार घरातून घालावे लागतील.

एजंट नाही, सगळं बुकिंग गावातूनच झालं, आणि फेरीमागं ३०० रुपये गावाच्या फंडाला दिले, तर ड्रायव्हरला डिझेल वजा जाता २,८०० उरतात. वर्षाचे २ लाख २४ हजार. हप्ता गेला की शिल्लक ८ हजार. त्यातच टायर, क्लच, पाटे, विमा.

थोडक्यात, नुसत्या सूर्यास्ताच्या फेऱ्यांवर नव्या गाडीचं कर्ज फिटत नाही. ज्याच्याकडं गाडी आधीच आहे आणि आठवडाभर तिला दुसरं काम आहे, त्याच्यासाठी हा जोडधंदा आहे. आणि एजंटची टक्केवारी निम्म्यावर गेली तर तोही राहत नाही.

पांढरी पाटी महागात पडते

दुसरा मुद्दा कागदाचा. खासगी पासिंगच्या, म्हणजे पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणं त्याला परमिट लागतं. परमिट नसताना पकडलं तर कलम १९२-अ खाली पहिल्याच वेळेला १० हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पण दंड ही छोटी गोष्ट. खरी भीती अपघाताची. खासगी गाडी भाड्यानं चालवताना माणूस जखमी झाला किंवा दगावला, तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते. कोर्टानं कंपनीला भरपाई द्यायला लावली तरी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला मिळू शकते. अशी वसुली लागली तर दोन एकराचा सातबारा सुद्धा पुरत नाही.

लायसन्सबाबत गावात गैरसमज आहे. ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या प्रवासी गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स चालतं, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. पण याचा अर्थ परमिट नको असा होत नाही. लायसन्स ड्रायव्हरचं, परमिट गाडीचं. दोन्ही वेगळं.

गाडीला मोठे टायर, कापलेलं टप, वाढीव बसायच्या जागा असा बदल करणं हाही गुन्हा ठरू शकतो. आरसी बुकात नोंद नसलेला बदल कलम ५२ मध्ये बसत नाही. वर, अपघात झाला की सगळ्यात आधी हेच तपासलं जातं.

याशिवाय राज्य सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. पैसे घेऊन साहसी पर्यटन करवणाऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेचं साहित्य ठेवायचं, असा त्याचा गाभा आहे. गावातल्या चार-पाच गाडीवाल्यांनी एकत्र येऊन नोंदणी केली तर खर्चही वाटला जातो.

अंधार, धुकं आणि दरी

सूर्यास्ताच्या फेरीत धोका चढताना नसतो, उतरताना असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, मे अखेरीस सातच्या पुढं. त्यानंतर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं नीट दिसतं. फोटोच्या नादात तेवढा वेळ गेला की खाली उतरायचं ते दिव्याच्या उजेडात. उघड्या जीपमध्ये उभी राहिलेली माणसं, बेल्ट नाही, समोर धुक्याचा पट्टा आणि वळणावर अचानक गवा. मोबाइलला रेंज नाही आणि मोठा दवाखाना तास-दीड तासावर.

जुलै २०२५ मध्ये पाटण-सडावाघापूर रस्त्यावर गुजरवाडीच्या टेबल पॉइंटजवळ स्टंट करताना कार सुमारे ३०० फूट दरीत गेली आणि चालवणारा तरुण गंभीर जखमी झाला. ती भाड्याची फेरी नव्हती. पण जागा तीच, कडा तोच. उद्या अशी गाडी सहा पाहुणे घेऊन गेली तर एका दिवसात धंदा बंद पडेल.

हे दुसरीकडं घडून गेलं आहे. केरळच्या इडुक्की जिल्ह्यात सूर्यनेल्लीहून कोलुकुमलैच्या चहामळ्यात स्थानिक जीपवाले पाहुण्यांना पहाटे सूर्योदय दाखवायला नेतात. तिथं साधी कार चढतच नाही, त्यामुळं जीपवाल्यांची रोजीरोटी त्यावर आहे. जुलै २०२५ मध्ये जिल्ह्यात जीपला अपघात झाला आणि प्रशासनानं जिल्हाभरातल्या जीप सफारी थांबवल्या. नंतर ठराविक मार्गांवर, अटी घालून परवानगी दिली. धडा सरळ आहे. नियम अपघातानंतर येणारच असतील तर ते अपघाताआधी गावानं केलेले बरे.

सडा म्हणजे पडीक नाही

बाहेरच्याला सडा म्हणजे मोकळं मैदान वाटतं. खाली कातळ आणि वर कुठं बोटभर तर कुठं वीतभर माती. तेवढ्याच मातीवर पावसाळ्यात फुलं येतात, त्यानंतर गवत येतं, आणि त्या गवतावर गावातली जनावरं उन्हाळा काढतात. वायतुऱ्यासारखी फुलं तर उत्तर सह्याद्रीच्या अशा सड्यांशिवाय जगात कुठं उगवत नाहीत.

ओल्या सड्यावरून जीप एकदा गेली की चाकाची दोन चाकोऱ्या उमटतात. दुसऱ्या वेळी ड्रायव्हर चिखल टाळायला बाजूनं जातो, तिसरा आणखी बाजूनं. पुढच्या पावसात त्या चाकोऱ्यांतून पाणी पळतं आणि माती वाहून जाते. कातळावरची माती गेली की आपल्या हयातीत ती परत येत नाही. उन्हाळ्यात दुसरं भय वणव्याचं. वाळलेल्या गवतात टाकलेली एक विडी गावच्या वर्षभराच्या गंज्या जाळू शकते.

जागेचाही प्रश्न आहे. सड्याचा काही भाग वन विभागाचा, काही गायरान, काही मालकीचा. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत परवानगीशिवाय गाडी घातली तर थेट वन्यजीव कायदा लागतो. मालकीच्या रानातून जाताना खातेदाराची संमती लागते. 'पूर्वीपासून वाट आहे' हे पायवाटेला ठीक, धंद्याच्या गाडीला नाही.

बोटीवाल्यांनी जे केलं ते

उपाय शोधायला लांब जायची गरज नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली, तापोळ्याचे बोट क्लब आहेत. ज्यांची गावं, शेतं पाण्याखाली गेली त्या भागातल्या माणसांनी तो धंदा उभा केला. बोटी स्थानिकांच्या, दर ठरलेले. वासोट्याला जायचं तर वन विभागाची परवानगी आणि संध्याकाळच्या आत परत, हा नियम पाहुण्याला माहीत असतो आणि तो मुकाट पाळतो.

कासलाही तेच दिसलं. आजूबाजूच्या गावांची समिती आणि वन विभाग मिळून फुलांचा हंगाम सांभाळतात. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आली, प्रवेश शुल्क आलं, राखणीला गावातलीच माणसं लागली. मर्यादा घातली म्हणून लोक यायचे थांबले नाहीत.

जीपसाठी ग्रामसभा काय ठरवू शकते? पहिलं, मार्ग एकच, दगड लावून आखलेला, आणि त्याबाहेर चाक नाही. तो ठरवताना वनरक्षक आणि तलाठ्याला बरोबर घ्यावं. दुसरं, जून ते सप्टेंबर सडा गाड्यांना बंद. तिसरं, पिवळी पाटी, परमिट, विमा असलेल्या गाड्यांचीच यादी आणि त्यांना पाळी. चौथं, दराचा फलक वेशीवर. पाचवं, सूर्य मावळल्यावर पंधरा मिनिटांत सगळ्या गाड्या परतीला, माणसं बसून आणि बेल्ट लावून. सहावं, फेरीमागं ठरलेली रक्कम गावाच्या खात्यात, आणि त्यातून जाळरेषा, कचरा आणि प्रथमोपचार.

यात अडचण येणार ती गावातल्याच भांडणाची. कुणाची गाडी आधी, कुणाच्या रानातून वाट, कुणाचा पाहुणा. पण वडापच्या स्टँडवर नंबर लावायची शिस्त याच पोरांनी पाळली आहे. ती सड्यावर नेता येईल.

पवनचक्क्यांच्या वेळी कागद न वाचता सह्या झाल्या, आणि जमिनीचे वाद अजून काही घरांत चालू आहेत. आता गाड्या गवत वाळायला लागलं की ऑक्टोबरात येणार. त्याआधी १५ ऑगस्टची ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेवर हा विषय घ्यायचा असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज आधी द्यावा लागेल. ज्या गावात तो येणार नाही, तिथं मार्ग, दर आणि वेळ दुसराच कुणीतरी ठरवेल.