फाइल बघता, काम कोण बघणार?

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून बी.ए.च्या मुलांच्या वेळापत्रकात कौशल्याचे विषय आले आहेत. ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, फोटोग्राफी. नावं चांगली आहेत. प्रश्न एवढाच आहे की वर्गावर जातं कोण? माझे जुने विद्यार्थी सांगतात, ज्या सरांचा कार्यभार कमी पडतो ते जातात. रात्री यूट्यूबवर बघायचं आणि सकाळी तेच फळ्यावर लिहायचं. सरांना दोष देण्यात अर्थ नाही, ते बिचारे आपली नोकरी वाचवतायत. दोष आहे तो डिझाइन म्हणजे कॉम्प्युटर चालवणं, ते कुणीही शिकवू शकतं, या समजुतीचा.

नांदेडमध्ये राहणाऱ्याला तरी असं वाटायला नको. आपलं शहर चार लिप्यांचं आहे. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गुरुमुखी, देगलूर नाक्याकडे उर्दू, सगळीकडे देवनागरी, आणि धर्माबाद-बिलोलीकडे सरकलं की तेलुगू. लग्नपत्रिका छापणाऱ्या एखाद्या पोराशेजारी तासभर बसून बघा. देवनागरी शिरोरेषेला लटकते आणि डावीकडून उजवीकडे जाते. नस्तालिक उजवीकडून येते आणि प्रत्येक शब्द तिरका, वरून खाली उतरतो. दोन्ही एकाच कार्डावर बसवायच्या, वधूचं नाव दोन्हींत सारखंच ठसठशीत दिसायला हवं, आणि वर आजोबांना चष्म्याशिवाय तारीख वाचता आली पाहिजे. हा डिझाइनचा अवघड प्रश्न आहे आणि इथली पोरं तो लग्नसराईत रोज पाच-दहा वेळा सोडवतात. त्यांच्यातल्या काहींचे वडील, चुलते कातिब होते. इनपेज आलं, कलम सुटलं, पण नजर घरातच राहिली.

या पोरांपैकी कुणी विद्यापीठात शिकवायला गेलेला मला माहीत नाही.

का, ते नियम वाचले की कळतं. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं यासाठी गुणांचा तक्ता आहे. पीएचडीला ३० गुण, शोधनिबंधांना १०, शिकवण्याच्या अनुभवाला १०, पुरस्काराला जास्तीत जास्त ३. पदवी आणि पदव्युत्तर टक्केवारीचे गुण वेगळे. इतिहास किंवा रसायनशास्त्रासाठी हे ठीक असेल. पण ज्यानं दहा वर्षं वर्तमानपत्राची पानं लावली, माहितीपट कापले, त्या कामाला या तक्त्यात रकानाच नाही. दृश्यकलेसाठी नियमावलीत दुसरी वाट आहे, हे खरं. नामवंत व्यावसायिक कलाकाराला नेटशिवायही घेता येतं. पण तिथं पुरावा मागतात तो प्रदर्शनांचा, कार्यशाळांचा. वेबसाइट, अ‍ॅप किंवा फाँट करणारा माणूस कोणत्या गॅलरीत भिंतीला टांगणार?

मराठी माणसाला याबाबतीत उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. आर. के. जोशी जे.जे.मध्ये शिकले, जाहिरात क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केलं आणि नंतर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत शिकवलं. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचा. तहसीलच्या कितीतरी दाखल्यांवर त्यांच्या हातची अक्षरं आहेत. त्यांना आणलं ते त्यांच्या अक्षरांनी. आज ते अर्ज घेऊन आले असते तर छाननीत कितव्या नंबरवर असते?

यावर उपाय म्हणून २०२२मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' आलं. पीएचडीची अट नाही, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत जागा. पण किमान १५ वर्षांचा, तोही वरिष्ठ पातळीवरचा अनुभव हवा. आणि मुदत तीन वर्षं, फार तर चार. मुंबई-पुण्याच्या कंपनीतून निवृत्त होणाऱ्या साहेबासाठी ही खुर्ची ठीक आहे. इतवाऱ्यातल्या पस्तिशीच्या माणसाला ती लांबूनच दिसते.

आता दुसरी बाजूही बोलतो, कारण मी मास्तर आहे. काम येणं आणि शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्तम कारागीर वर्गात 'असं कर' याच्यापुढे जात नाही, असं अनेकदा होतं. आम्हाला बी.एड.ला सरावपाठ घ्यावे लागले, मागच्या बाकावर निरीक्षक बसायचे, फळ्यावरच्या अक्षराचेही गुण होते. शाळेत पाचवीला शिकवायचं तर टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल, एवढे उंबरठे. विद्यापीठात शिकवायला मात्र शिकवण्याचं प्रशिक्षण लागत नाही! म्हणून माझं म्हणणं साधं आहे. डिझाइन आणि डिजिटल माध्यमांच्या भरतीत उमेदवाराचं काम टेबलावर ठेवा आणि त्यातलं त्याचं स्वतःचं किती, ते खोदून विचारा. मग त्याला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर चाळीस मिनिटं उभं करा. एखाद्या मुलीचं कच्चं पोस्टर तिला न दुखावता तो कसं दुरुस्त करून घेतो, ते बघा. दहा मिनिटांच्या मुलाखतीत यातलं काही दिसत नाही.

आणि नेमणूक पक्की द्या. माझी एक विद्यार्थिनी एम.एफ.ए. झाली. दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर जाते. सुट्टीत पगार नाही, जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. ती सॉफ्टवेअरचं भाडं स्वतःच्या खिशातून भरते. तिच्याकडून अभ्यासक्रम बांधण्याची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ला उभं राहिलं ते नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या मुलांना छत्रपती संभाजीनगरपर्यंत धावावं लागू नये म्हणून. माध्यमशास्त्र आणि ललित कला, दोन्ही संकुलं तिथं आहेत. चार लिप्यांची अक्षररचना हा विषय देशात कुठं शिकवायचा असेल तर तो याच मातीत. त्यासाठी शिक्षकही इथलाच लागेल, किंवा इथं येऊन राहणारा.

आपल्या समाजाशीही थोडं बोलायचं आहे. चित्र काढणारा मुलगा घरात अजूनही 'पेंटर बनेगा क्या?' ऐकतो. तस्वीर जायज की नाजायज या वादात मी पडत नाही, पण खत्ताती तर आपणच डोक्यावर घेतली होती. बारावीनंतर दुकान चालू लागलं की शिक्षण सुटतं, कारण रोज हजार-दीड हजार हातात येतात. सवलतीची जी एक वाट मघाशी सांगितली, तिच्यासाठीही पदवी लागतेच. दुकान चालवत मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते, आमच्या दोन मुलांनी घेतली. तिसरा फॉर्मची शेवटची तारीख विचारायला आला होता. त्याला सांगितलं, येताना तुझं काम पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ये, वर्षवार लावून. त्याच्याकडे एकही जुनी फाइल नव्हती. गिऱ्हाईक कार्ड घेऊन गेलं की तो डिलीट करतो, मेमरी भरते म्हणून.